जन्माआधीची ग्रंथी

चार महिन्यांच्या गर्भात मूत्रपिंडांच्या माथ्यावर बसणाऱ्या अधिवृक्क ग्रंथी मूत्रपिंडांएवढ्याच मोठ्या असतात. जन्माच्या वेळी त्या मूत्रपिंडाच्या साधारण तिसऱ्या हिश्श्याएवढ्या असतात आणि मोठ्या माणसात तिसाव्या हिश्श्याएवढ्या. शरीराच्या वजनाच्या हिशेबाने पाहिले तर पोटातल्या बाळाची ही ग्रंथी प्रौढाच्या ग्रंथीच्या १० ते २० पट भरते. त्यातही नवल असे की हा वाढावा मुख्यतः एकाच थराचा असतो. त्याला गर्भीय थर म्हणतात. दिवस भरत आले की ग्रंथीच्या बाह्य भागाचा ८० ते ९० टक्के हिस्सा याच थराने व्यापलेला असतो. मूल जन्मले की काही आठवड्यांत तो झपाट्याने आटतो आणि सहाएक महिन्यांत जवळजवळ नाहीसा होतो. शरीर एवढे मोठे काहीतरी गरोदरपणापुरते उभारते आणि काम होताच मोडून टाकते. ते काम कोणते, हे शोधायला विज्ञानाला पन्नासहून अधिक वर्षे लागली. त्या शोधाची, आणि अजून न सुटलेल्या भागाची, ओळख करून देण्यासाठी हे पुस्तक लिहिले आहे.

ते मराठीत आणि तेही नांदेड जिल्ह्यातल्या लोह्यात बसून का लिहिले, हेही सांगायला हवे. आमच्या लोहा-कंधार भागातली म्हातारी माणसे अजून सांगतात की सातव्या महिन्यातले मूल जगते, आठव्यातले जगत नाही. ही समजूत आपलीच आहे असे नाही. प्राचीन ग्रीकांच्या हिप्पोक्रेटिसच्या नावावरील ग्रंथांत आठव्या महिन्यातल्या मुलावर एक स्वतंत्र ग्रंथ आहे आणि त्यातही हेच सांगितले आहे. खरे तर पोटातला प्रत्येक जादा आठवडा बाळाच्या फायद्याचा असतो, आठवा महिना धरूनच. पण या समजुतीच्या मुळाशी असलेला प्रश्न अगदी रास्त आहे: बाळ बाहेरच्या जगासाठी ‘तयार’ कधी होते, आणि ती तयारी कोण करते? घरोघरी विचारल्या जाणाऱ्या या प्रश्नाचे आज जे उत्तर आहे, त्याचा मोठा भाग या इवल्या ग्रंथीत आहे. ते उत्तर आशाताईंना, नर्सिंगच्या विद्यार्थिनींना, शाळेत जीवशास्त्र शिकवणाऱ्यांना आपल्या भाषेत वाचता यावे, एवढीच इच्छा.

आधी ग्रंथीचा थोडा परिचय. गर्भधारणेनंतर साधारण पाचव्या आठवड्यात तिचा अंकुर दिसू लागतो. आठव्या-नवव्या आठवड्यात बाहेरचा पातळ, दाट पेशींचा थर आणि आतला मोठमोठ्या पेशींचा गर्भीय थर असे दोन भाग वेगळे ओळखू येतात. पुढे या दोहोंच्या मध्ये तिसरा थर तयार होतो आणि गरोदरपणाच्या शेवटच्या टप्प्यात कॉर्टिसॉल मुख्यतः तिथे तयार होते. अ‍ॅड्रेनॅलिन बनवणाऱ्या पेशी मात्र मूळच्या चेतासंस्थेच्या. त्या बाहेरून येऊन ग्रंथीत शिरतात आणि जन्मापर्यंत नीट एकवटलेल्याही नसतात. गर्भ दोन महिन्यांचा असताना ही ग्रंथी थोडे दिवस कॉर्टिसॉल बनवते आणि मग ते काम जवळजवळ थांबवते. ही सुरुवातीची लाट मुलीच्या गर्भाला पुरुषी संप्रेरकांपासून वाचवते, असे साउदम्प्टनच्या संशोधकांनी २००६ मध्ये मांडले. त्यानंतर कित्येक आठवडे ग्रंथीत एका महत्त्वाच्या एन्झाइमची वानवा असते, त्यामुळे कोलेस्टेरॉलपासून कॉर्टिसॉलपर्यंतची वाट बंद राहते. मग एवढी मोठी ग्रंथी त्या काळात करते काय? ती डीएचईए-सल्फेट नावाचे संप्रेरक बनवते, आणि तेही मनस्वी प्रमाणात. दिवस भरत आले की दिवसाला सुमारे २०० मिलिग्रॅमपर्यंत.

हे संप्रेरक बाळाच्या स्वतःच्या फारसे उपयोगाचे नाही. ते लागते वारेला. माणसाच्या वारेत प्रोजेस्टेरॉन भरपूर तयार होते, पण त्याचे पुढे इस्ट्रोजेन करायला लागणारी मधली पायरीच तिच्यात नाही. बाळाच्या ग्रंथीत नेमकी ती पायरी आहे, पण शेवटची नाही. एका घरी दाणे आहेत पण जाते नाही आणि शेजारच्या घरी जाते आहे पण दाणे नाहीत, तशी ही गत. बाळाच्या ग्रंथीने दिलेला माल बाळाच्या यकृतातून वारेत जातो, तिथे त्याचे इस्ट्रिऑल होते आणि ते आईच्या रक्तात उतरते. गरोदरपणी आईच्या शरीरातले इस्ट्रिऑल हजारपटीच्या घरात वाढते आणि त्यातला फार मोठा वाटा बाळाच्या ग्रंथीतून आलेला असतो. म्हणजे आईच्या रक्तातल्या एका संप्रेरकाचा उगम तिच्या पोटातल्या जिवात असतो. शरीरशास्त्रातली एवढी विलक्षण देवाणघेवाण मला दुसरी माहीत नाही.

या गोष्टीचा पहिला धागा एका दुःखद जन्मदोषाने दिला. ज्या गर्भांत मेंदूची वाढच होत नाही, त्यांच्या अधिवृक्क ग्रंथी अगदी लहान राहतात. टी. आर. एलियट आणि आर्मर यांनी १९११ मध्ये गर्भीय थराचे वर्णन केले तेव्हाच ही गोष्ट नोंदवली. ग्रंथीची वाढ मेंदूखालच्या पोषग्रंथीच्या हुकमाने होते, याचा तो पुरावा होता. पुढे १९६१ मध्ये कोपेनहेगनच्या फ्रांडसेन आणि स्टाकमान यांना दिसले की असा गर्भ पोटात असलेल्या स्त्रियांच्या लघवीत इस्ट्रिऑल फार कमी असते. धागे जुळले. त्याच दशकात स्टॉकहोमच्या कॅरोलिन्स्का संस्थेत एगॉन डिच्फालुसी यांनी ‘गर्भ आणि वार मिळून एकच अंतःस्रावी यंत्रणा’ ही कल्पना मांडली, आणि अमेरिकेत सीटेरी व मॅकडॉनल्ड यांनी डीएचईए-सल्फेटचा प्रवास दाखवून दिला. काही वर्षे जगभरच्या मोठ्या रुग्णालयांत गरोदर बाईच्या २४ तासांच्या लघवीतले इस्ट्रिऑल मोजून बाळ ठीक आहे का, याचा अंदाज घेतला जाई. सोनोग्राफी आली आणि ती पद्धत मागे पडली. मात्र गरोदरपणातल्या काही रक्तचाचण्यांत इस्ट्रिऑल आजही मोजतात.

विषयाचा दुसरा मोठा प्रवाह मेंढ्यांपासून निघाला. लोहा तालुक्यातल्या माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेत मार्गशीर्षात देशभरची जनावरे येतात आणि कोणती गाभण किती दिवसांची, हे पोट पाहून सांगणारे जाणते तिथे भेटतात. मेंढी पाच महिन्यांत विते, त्यात चारदोन दिवसांचाच फरक. तो दिवस कोण ठरवते? अमेरिकेतल्या आयडाहोमध्ये काही मेंढ्यांनी गाभणपणाच्या चौदाव्या दिवसाच्या सुमारास एक विषारी रानवनस्पती खाल्ली आणि त्यांच्या पोटी एकडोळी, मेंदू-पोषग्रंथी बिघडलेली कोकरे राहिली. त्या मेंढ्या वेळेवर व्यायल्याच नाहीत. न्यूझीलंडच्या ऑकलंडमधले स्त्रीरोगतज्ज्ञ ग्रॅहम लिगिन्स यांनी या धाग्यावरून प्रयोग सुरू केले. पोटातल्या कोकराची पोषग्रंथी निकामी केली की मेंढी दिवस उलटून गेले तरी वीत नाही, आणि कोकराला कॉर्टिसॉल किंवा त्याच्या ग्रंथीला चेतवणारे संप्रेरक दिले की ती दिवसांआधी विते, हे त्यांनी १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात दाखवले. जन्माची वेळ कोकरूच ठरवते, कॉर्टिसॉलमार्फत.

त्यांच्या प्रयोगशाळेत आणखी एक गोष्ट घडली, आणि तिने लाखो माणसांच्या लेकरांचे नशीब बदलले. इतक्या लवकर जन्मलेल्या कोकरांची फुप्फुसे उघडायलाच नको होती. पण कॉर्टिसॉल मिळालेली कोकरे श्वास घेत होती. फुप्फुसाच्या पोकळ्या मिटू न देणारा द्रव वेळेआधी तयार झाला होता. लिगिन्स आणि बालरोगतज्ज्ञ रॉस हॉवी यांनी १९७२ मध्ये २८२ स्त्रियांवरच्या चाचणीचे निष्कर्ष छापले. वेळेआधी कळा सुरू झालेल्या आईला कॉर्टिसॉलसारखे बीटामेथासोन दिल्यावर बाळाच्या श्वसनविकाराचे प्रमाण २५.८ टक्क्यांवरून ९ टक्क्यांवर आले. इतका स्पष्ट निकाल, तरी अमेरिकेत हा उपचार सर्वमान्य व्हायला १९९४ उजाडले. मधल्या काळात किती बाळे हकनाक गेली असतील, याचा विचार मला आजही सोडत नाही. कॉक्रेन या पुरावा-संकलन करणाऱ्या संस्थेच्या बोधचिन्हात ज्या आडव्या रेघा दिसतात, त्या याच उपचाराच्या चाचण्यांच्या आहेत.

आता या विषयाचा खरा गाभा. मेंढी म्हणजे बाई नव्हे. मेंढीच्या वारेत कॉर्टिसॉलमुळे प्रोजेस्टेरॉनचे इस्ट्रोजेन करण्याच्या मधल्या पायरीचे एन्झाइम जागे होते, प्रोजेस्टेरॉन घटते, इस्ट्रोजेन वाढते आणि कळा सुरू होतात. माणसाच्या वारेत ते एन्झाइम जागे होतच नाही. उंदरांवरूनही भागत नाही, कारण त्यांच्या ग्रंथीत कॉर्टिसॉल बनतच नाही आणि आपल्यासारखा गर्भीय थरही नाही. म्हणून नजर वळली माकडांकडे.

इथे मराठवाड्याच्या वाचकाने थोडे थांबावे. प्राणिशास्त्रज्ञ ऱ्हीसस आणि बॉनेट या दोन माकडांच्या मुलखांची पारंपरिक सीमा पश्चिमेकडे तापी आणि पुढे गोदावरी अशी सांगतात. उत्तरेला ऱ्हीसस, दक्षिणेला बॉनेट. नांदेडचा गोदाकाठ त्या सीमारेषेवर आहे आणि लोहा तिच्या दक्षिणेला. अलीकडे ऱ्हीसस दक्षिणेकडे सरकत आहेत, हा भाग निराळा. हिमालयापासून गोदावरीपर्यंतच्या याच ऱ्हीसस माकडांच्या जिवावर विसाव्या शतकातले जगातले कितीतरी वैद्यकीय संशोधन उभे राहिले. पोलिओच्या लशीसाठी ती हजारोंनी परदेशी गेली. ती शस्त्रांच्या प्रयोगांत वापरली जातात अशा बातम्या आल्यावर मोरारजी देसाई यांच्या सरकारने १९७८ पासून त्यांची निर्यात थांबवली. त्यानंतर अमेरिकेला स्वतःची पैदास केंद्रे वाढवावी लागली, आणि गरोदरपणाच्या संशोधनात आफ्रिकेतल्या बबूनचे महत्त्व वाढत गेले.

बबूनवर सर्वांत चिकाटीने काम केले ते जेराल्ड पेपी आणि यूजीन अल्ब्रेख्ट या जोडीने. त्यांची मांडणी थोडक्यात अशी. गरोदरपणाच्या मध्यावर आईचे कॉर्टिसॉल वारेतून बाळापर्यंत पोहोचते, त्यामुळे बाळाची पोषग्रंथी आळसावलेली राहते. पुढे वारेतले इस्ट्रोजेन वाढते. ते वारेतल्या एका एन्झाइमला बळ देते आणि ते एन्झाइम आईच्या कॉर्टिसॉलचे निष्क्रिय कॉर्टिसोन करून टाकते. आईचा पुरवठा तुटला की बाळाची पोषग्रंथी खडबडून जागी होते, तिच्या हुकमाने बाळाची ग्रंथी परिपक्व होते आणि स्वतःचे कॉर्टिसॉल बनवू लागते. म्हणजे बाळाची ग्रंथी वारेला माल देते, वार त्याचे इस्ट्रोजेन करते, आणि तेच इस्ट्रोजेन उलट त्या ग्रंथीला परिपक्व करते. मला ही मांडणी या क्षेत्रातली सर्वांत सुंदर वाटते. पुस्तकात तिला जास्त पाने मिळाली आहेत ती म्हणूनच.

दुसरी शाखा सॅन फ्रान्सिस्कोची. रॉबर्ट जॅफी आणि सॅम मेसियानो यांनी मानवी ग्रंथीच्या पेशींवर काम करून ग्रंथीच्या आतच तयार होणाऱ्या वाढ-घटकांवर भर दिला. पोषग्रंथीचा हुकूम लागतो, पण तो घरातल्या घरात राबवणारे हे घटक. तिसरी शाखा ऑस्ट्रेलियातल्या न्यूकॅसलची, रॉजर स्मिथ यांची. वार स्वतःच सीआरएच नावाचे संप्रेरक बनवते आणि त्याच्या वाढीच्या वेगावरून गरोदरपण किती लांबेल याचा अंदाज येतो, असे त्यांच्या गटाने १९९५ मध्ये मांडले. वारेतून येणारे हे संप्रेरक फक्त प्रायमेटमध्येच, म्हणजे माकड-माणसांच्या गणातच दिसते. आणि तिथेही पेच आहेच. माणसात, चिंपांझीत, गोरिलात ते प्रसूतीपर्यंत चढत जाते, बबूनमध्ये मात्र मध्यावर चढून पुन्हा उतरते. चौथी शाखा ऱ्हीससवर काम करणाऱ्या पीटर नथानिएल्झ यांची. गाभण माकडिणीला अँड्रोस्टेनिडायॉन दिले की ती दिवसांआधी विते, हे त्यांच्या गटाने १९९६ मध्ये दाखवले. माकडाच्या बाळाकडून येणारा निरोप अशा कच्च्या मालाच्या रूपात असावा, असे त्यावरून दिसते. या चारही शाखांत वाद आहेत. वारेत एन्झाइमचा जन्मजात अभाव असल्याने इस्ट्रोजेन फार कमी बनणाऱ्या काही स्त्रियांचेही दिवस भरतात, मेंदू नसलेले गर्भही कधी लवकर तर कधी उशिरा जन्मतात. माणसात एकच एक कळ दाबली की प्रसूती सुरू होते, असे नाही. मेंढीच्या गोष्टीतला सरळपणा इथे शोधू नये.

हा विषय आज महत्त्वाचा का, याचे उत्तर आपल्या तालुक्याच्या दवाखान्यातच आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२० मध्ये भारतात सुमारे ३० लाख बाळे अपुऱ्या दिवसांची जन्मली, जगात सर्वाधिक. केंद्र सरकारच्या २०१४ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार २४ ते ३४ आठवड्यांच्या दरम्यान वेळेआधी कळा सुरू झाल्या तर आईला बीटामेथासोनच्याच जातीच्या डेक्सामेथासोनचे ६ मिलिग्रॅमचे इंजेक्शन दर १२ तासांनी, असे चार डोस द्यायचे. मोठ्या दवाखान्यात पाठवण्याआधी पहिला डोस एएनएम देऊ शकते. हे औषध का आणि साधे प्रेडनिसोलोन का नाही, याचे उत्तर आईचे कॉर्टिसॉल निष्क्रिय करणाऱ्या वारेतल्या त्या एन्झाइममध्ये आहे. प्रेडनिसोलोन बरेचसे वारेतच निष्प्रभ होते, डेक्सामेथासोन त्यातून निसटून बाळापर्यंत पोहोचते. लोह्याहून नांदेडला रवाना होणाऱ्या बाईला गाडीत बसवण्याआधी जी सुई टोचली जाते, ती बाळाच्या ग्रंथीने काही आठवड्यांनी स्वतः करायचे काम आधी करून घेते.

पण काम तेच असले तरी वेळ आणि जागा चुकली तर काय होते, हे आपल्या राज्यातही झालेल्या एका चाचणीने दाखवले. सहा देशांतल्या या चाचणीची भारतातली दोन ठिकाणे नागपूर आणि बेळगाव होती. जवळजवळ एक लाख जन्मांची नोंद झाली. २०१५ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आलेले निष्कर्ष धक्का देणारे होते. गावपातळीवर हे औषध सर्रास दिल्यावर फार कमी वजनाच्या बाळांचा मृत्युदर घटला नाही, उलट एकूण नवजात मृत्युदर वाढला आणि आईच्या संसर्गाची शंकाही जास्त वेळा आली. त्यानंतर भारतासह पाच देशांतल्या, सोनोग्राफी आणि नवजात काळजीची सोय असलेल्या रुग्णालयांत चाचणी झाली. तिचे २०२० चे निष्कर्ष उलट आले: नवजात मृत्यू २३.५ टक्क्यांवरून १९.६ टक्क्यांवर. औषध तेच. फरक होता तो आठवड्यांचा नेमका हिशेब असण्याचा आणि जन्मानंतर बाळाला सांभाळू शकेल असा दवाखाना असण्याचा. फिनलंडमधल्या सहा लाखांहून अधिक मुलांच्या नोंदींवरून २०२० मध्येच आणखी एक इशारा मिळाला. पोटात असताना या जातीचे औषध मिळूनही नंतर पूर्ण दिवसांनी जन्मलेल्या मुलांत मानसिक-वर्तनविषयक तक्रारी अधिक आढळल्या. बाळाची ग्रंथी कॉर्टिसॉल इतका काळ अडवून का धरते, हा प्रश्न म्हणूनच केवळ प्रयोगशाळेतला राहत नाही.

याच वाटेने विषय पुण्याला पोहोचतो. केईएम रुग्णालयाच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या गरोदर स्त्रियांचा आणि पुढे त्यांच्या मुलांचा अभ्यास केला. तिथल्या बाळांचे सरासरी वजन २.७ किलोच्या आसपास, इंग्लंडमधल्या साउदम्प्टनच्या बाळांचे ३.५. पण आपल्या बाळांत हाडामासाच्या मानाने चरबी मात्र टिकून. बारीक दिसणारी आणि तरीही चरबीची ही बाळे मोठेपणी मधुमेहाकडे का झुकतात, या प्रश्नाला त्यातून दिशा मिळाली. त्याच सुमारास, १९९३ मध्ये, एडिनबरोच्या एडवर्ड्स आणि सेक्ल यांच्या गटाने सुचवले की वारेतला कॉर्टिसॉलचा अडसर ढिला पडला तर बाळ कमी वजनाचे होते आणि पुढे रक्तदाबाकडे झुकते. या कल्पनेवरून उठून ‘आईच्या ताणाने बाळ बिघडते’ असे ठोकून देणे आणि त्यावर गर्भसंस्काराची दुकाने चालवणे मला मान्य नाही. बालाघाटच्या डोंगराळ पट्ट्यातून दिवाळीनंतर कोयता घेऊन ऊसतोडीला निघणारी गरोदर बाई स्वतःच्या हौसेने ताण घेत नाही. या विज्ञानातून दोष काढायचाच तर तिच्या मनाचा नको, तिच्या जेवणाचा, तिच्या कामाच्या तासांचा आणि फडापासूनच्या दवाखान्याच्या अंतराचा काढावा.

ग्रंथीच्या जन्मजात बिघाडांवर पुस्तकात थोडेच आहे, पण ते टाळून चालणार नव्हते. एका एन्झाइमच्या अभावी कॉर्टिसॉल बनत नाही, ग्रंथी फुगते, पुरुषी संप्रेरके वाढतात, मुलीचे जननेंद्रिय जन्मतः संदिग्ध दिसते आणि दुसऱ्या आठवड्यात शरीरातले मीठ निघून जाऊन बाळ दगावू शकते. मुंबईसह पाच शहरांत भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने एक लाखाहून अधिक नवजात बाळांची तपासणी केली, तेव्हा या बिघाडाचे प्रमाण ५,७६२ मागे एक असे आढळले. गोव्याने २००८ मध्ये राज्यभर नवजात तपासणी सुरू केली. टाचेतून घेतलेला रक्ताचा एक थेंब पुरतो. अपुऱ्या दिवसांच्या बाळांत ही चाचणी अनेकदा उगाच घाबरवते. त्यांची ग्रंथी अजून गर्भीय रूपातच असते, हे त्यामागचे एक कारण.

या विद्येवर प्राण्यांचे आणि माणसांचेही ऋण आहे. स्टॉकहोममधले जुने प्रयोग कायदेशीर गर्भपातातल्या गर्भांवर झाले. बबून आणि ऱ्हीसस यांच्यावर शस्त्रक्रिया झाल्या. ते सगळे लपवून हा विषय सांगता येत नाही, म्हणून पुस्तकात ते जिथल्या तिथे सांगितले आहे. आता पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातल्या कोतारो सासाकी यांच्या गटाने २०२२ मध्ये माणूस आणि सायनोमोल्गस माकड यांच्या गर्भातली ही ग्रंथी पेशीगणिक वाचली आहे आणि मूलपेशींपासून गर्भीय थरासारख्या पेशी बशीत वाढवल्या आहेत. पुढचे बरेच प्रश्न माकडिणीला हात न लावता विचारता येतील, अशी आशा आहे.

पुस्तक क्रमाने वाचलेच पाहिजे असे नाही. रसायनाची आकृती पाहून धडकी भरत असेल त्यांनी आधी मेंढीचे आणि वारेचे प्रकरण वाचावे. नर्सिंगच्या विद्यार्थिनींनी डेक्सामेथासोनपासून सुरुवात केली तरी चालेल. कॉर्टिसॉल, इस्ट्रिऑल, डीएचईए ही नावे रुग्णालयातल्या कागदांवर जशी येतात तशीच ठेवली आहेत. शेवटचा सर्वांत लांब भाग गरोदरपणाचे आठवडे मोजण्यावर आहे: शेवटच्या पाळीची तारीख कशी विचारायची, पहिल्या तिमाहीतली सोनोग्राफी का चुकवू नये, आणि तारीखच आठवत नसेल तर माता-बाल संरक्षण कार्डावर काय लिहायचे. नागपूर-बेळगावच्या चाचणीने शिकवलेल्या गोष्टींत आपल्या उपकेंद्रावर उद्यापासून करता येण्याजोगे पहिले काम तेच आहे.